‘ग्रिंगो’ म्हणजे गोरा अमेरिकन? हा शब्द वापरताना या चुका टाळा

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पुण्यात खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न चालू, आणि स्क्रीनवर ब्राझीलमधल्या साओ पाउलोची मंडळी सकाळी दहाची कॉफी घेऊन एकेक करून मीटिंगमध्ये येत होती. माझा कॅमेरा बंद. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “आ ग्रिंगा झा एन्त्रो?” ग्रिंगा आली का? मी यादी वरून खाली दोनदा बघितली. कोण अमेरिकन बाई येणार आहे आज? निमंत्रणात तर तसं नाव नव्हतं. अर्धा मिनिट सगळे गप्प आणि मीही गप्प, त्या ग्रिंगाची वाट बघत. शेवटी एका सहकाऱ्याने माझं नाव घेऊन विचारलं, “ऐकू येतंय ना तुला?”

ग्रिंगा मी होते. बार्शीत वाढलेली, चांगली सावळी, आजवर अमेरिकेचा व्हिसासुद्धा न काढलेली मी.

स्पॅनिश मी आधी शिकले आणि पोर्तुगीज नंतर. आता दिवसभर दोन्ही भाषांत भाषांतराचं आणि दुभाषाचं काम करते. ‘ग्रिंगो’ या एका शब्दावर मी स्वतः जेवढ्या वेळा तोंडघशी पडले, तेवढी क्रियापदांच्या रूपांवरही पडले नसेन. आपल्याकडे हा शब्द इंग्रजी सिनेमांतून येतो. उन्हात रापलेला मेक्सिकन, घोड्यावरचा गोरा, आणि दातओठ खाऊन उच्चारलेलं ‘ग्रिंगो’. तेच चित्र डोक्यात धरून माणूस खऱ्या लोकांशी बोलायला गेला की फसतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: देश न विचारता अर्थ लावणं

ब्राझीलमध्ये ग्रिंगो म्हणजे परदेशी माणूस, एवढंच. अमेरिकन, जर्मन, जपानी, नायजेरियन, भारतीय, कुणीही. शेजारच्या अर्जेंटिनाचा माणूससुद्धा. ब्राझीलच्या क्लबांत खेळणाऱ्या परदेशी फुटबॉलपटूंना तिथली वर्तमानपत्रं सर्रास ‘ग्रिंगो’ म्हणतात, आणि त्यांतले बहुतेक जण उरुग्वे, अर्जेंटिना, कोलंबियाचे असतात. म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या भाषेत ग्रिंगो हा शब्द दुसऱ्यांसाठी आहे, तेच लोक सीमा ओलांडली की ग्रिंगो होतात. इथे कातडीच्या रंगाचा संबंध नाही, आणि बहुतेक वेळा रागाचाही नाही.

मेक्सिकोत गणित वेगळं. तिथे ग्रिंगो म्हटलं की उत्तरेचा शेजारी, म्हणजे अमेरिकेचा माणूस. पुण्याहून गेलेल्या मराठी माणसाला मेक्सिको सिटीत कुणी ग्रिंगो म्हणेल याची शक्यता कमीच. त्याला वेगळंच काहीतरी म्हणतील, ते पुढे सांगते. मेक्सिकोत ‘गाबाचो’ हाही शब्द अमेरिकनांसाठी चालतो. तोच गाबाचो स्पेनमध्ये नेला की फ्रेंच माणसाची टर उडवायचा शब्द होतो. तेव्हा एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशात जसंच्या तसं वापरायला जाऊ नका.

पेरूत आणि बोलिव्हियात हा शब्द दिसण्याकडे झुकतो. केस भुरे, कांती उजळ, की झाला ग्रिंगो, मग तो पेरूच्या राजधानीत, लिमातच जन्मलेला का असेना. बाजारात भाजीवाली गोऱ्यागोमट्या गिऱ्हाइकाला ‘ग्रिंगीता’ म्हणून हाक मारते, तेव्हा ती कुणाचं नागरिकत्व तपासत नसते. आपल्याकडे घरातल्या उजळ पोराला ‘गोऱ्या’ म्हणतात, तसलाच प्रकार. कोस्टा रिकात याच कामाला ‘माचो’ हा शब्द आहे, आणि तिथे त्याचा मर्दपणाशी काही संबंध नाही. तिथली आजी नातवाला माचो म्हणते ते त्याच्या सोनेरी केसांवरून.

अर्जेंटिना मला या सगळ्यांत जास्त आवडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे इटलीहून लाखो माणसं बोटी भरभरून आली. मोडकंतोडकं स्पॅनिश बोलणारे हे शेतकरी गाउचो, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांच्या दृष्टीने ग्रिंगो. ही मंडळी सांता फे, कोर्दोबा भागातल्या सपाट जमिनीवर गहू-मका पिकवायला लागली, आणि त्या मुलखाला ‘पांपा ग्रिंगा’ असंच नाव पडलं. १९१२ साली आल्कोर्ता गावातून खंडकरी शेतकऱ्यांचा मोठा संप उभा राहिला. तो मुख्यतः याच ग्रिंगोंचा, म्हणजे इटालियन वंशाच्या कुळांचा. आजही त्या भागात एखाद्या भुऱ्या केसांच्या शेतकऱ्याला सगळं गाव ‘ग्रिंगो’ म्हणूनच ओळखतं, आणि त्याच्या तीन पिढ्या तिथेच नांदलेल्या असतात. २०१० च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्ध हेडरने गोल मारणारा गाब्रिएल हाइन्झे आठवतो? त्याचं टोपणनाव ‘एल ग्रिंगो’. अर्जेंटिनाच्या संघातला, अर्जेंटिनात जन्मलेला ग्रिंगो! खऱ्या अमेरिकनाला तिथे ‘यांकी’ म्हणतात. इटालियनाला ‘तानो’. आणि सीरिया-लेबनॉनहून आलेल्यांना ‘तुर्को’, कारण ते आले तेव्हा त्यांच्या हातातली कागदपत्रं तुर्की साम्राज्याची होती.

हसू नका. चाकणचा किल्ला १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांच्या नावातही ‘फिरंग’ आहेच की.

आता स्पेन. आपल्याकडच्या क्लासांत बहुतेक ठिकाणी स्पेनची स्पॅनिश शिकवतात, आणि विद्यार्थी हौसेने माद्रिदमध्ये जाऊन ग्रिंगो शब्द फेकतात. समोरच्याला शब्द कळतो, पण तो त्याच्या तोंडचा नाही. तिथला शब्द ‘गिरी’. उन्हाने लालबुंद झालेला, मोज्यांवर सँडल घातलेला, संध्याकाळी सहालाच रात्रीचं जेवण मागणारा उत्तर युरोपीय पर्यटक म्हणजे अस्सल गिरी. हा शब्द बास्क भाषेतून आला. १८३३ मध्ये पेटलेल्या यादवी युद्धात राणी मारिया क्रिस्तिनाच्या बाजूच्या सैनिकांना बास्क लोक ‘गिरिस्तिनो’ म्हणायचे, त्याचं हे तोकडं रूप. दादागिरी-भाईगिरीवाल्या मराठी कानाला मात्र तो पहिल्यांदा ऐकून गंमतच वाटते.

पोर्तुगालमध्येही ग्रिंगो हा घरचा शब्द नव्हे. ब्राझीलच्या मालिकांमुळे आणि तिथून आलेल्या लोकांमुळे तो सगळ्यांना ठाऊक आहे, पण जुने लिस्बनकर पर्यटकांना ‘कामोन’ म्हणत, इंग्रजी ‘कम ऑन’वरून, आणि इंग्रजांना ‘बिफ’, म्हणजे चक्क मांसाचा तुकडा. म्हणूनच गोव्यात जुन्या घरांतून पोर्तुगीज बोलणारे आजी-आजोबा भेटले तर त्यांच्यापुढे ग्रिंगो-ग्रिंगो करू नका. त्यांची पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाची, आणि गोऱ्यासाठी त्यांच्याकडे कोंकणीतला ‘पाखलो’ आहे.

‘ग्रीन, गो!’ची कहाणी पुढे ढकलणं

ही चूक शिकलेलेच लोक जास्त करतात. गोष्ट अशी सांगतात: अमेरिकेचे सैनिक मेक्सिकोत घुसले, त्यांचे गणवेश हिरवे, म्हणून मेक्सिकन ओरडले ‘ग्रीन, गो!’ आणि त्याचं झालं ग्रिंगो. दुसरी आवृत्ती म्हणते की ते सैनिक ‘ग्रीन ग्रो’ अशा शब्दांचं एक गाणं म्हणत चालले होते, ते ऐकून मेक्सिकनांनी त्यांचं नाव ठेवलं. टूर गाइड ही गोष्ट रंगवून सांगतात, आणि आपणही ती पुढे पाठवतो.

पहिली अडचण कपड्यांचीच. १८४६ ते १८४८ च्या त्या युद्धात अमेरिकन सैन्याचे गणवेश निळे होते. दुसरी अडचण त्याहून मोठी. एस्तेबान दे तेर्रेरोस ई पांदो नावाच्या येशूसंघी पाद्र्याने एक भलाथोरला स्पॅनिश शब्दकोश रचला होता. तो १७८२ साली वारला आणि कोश त्यानंतर छापला गेला. १७८७ मध्ये निघालेल्या त्याच्या दुसऱ्या खंडात ‘ग्रिंगो’ आहे. मालागा शहरात ज्या परदेशी लोकांना आपल्या हेलामुळे सहज, साफ स्पॅनिश बोलता येत नाही त्यांना ग्रिंगो म्हणतात, आणि माद्रिदमध्ये याच कारणाने विशेष करून आयरिश लोकांना म्हणतात, असं त्यात नोंदलंय. म्हणजे मेक्सिकोच्या युद्धाच्या साठ वर्षं आधी, समुद्राच्या पलीकडे, स्पेनमध्येच हा शब्द चांगला वापरात होता. आणि होता तो आयरिशांसाठी!

शब्द आला बहुधा ‘ग्रिएगो’वरून, म्हणजे ग्रीक. स्पॅनिशमध्ये न समजणारं बोलणं म्हणजे ग्रीकमध्ये बोलणं. ग्रिएगोचं ग्रिगो आणि पुढे ग्रिंगो, असा प्रवास भाषेचे अभ्यासक मांडतात. पण हा मार्ग कळायला मराठी माणसाला स्पॅनिश कोश उघडायचीही गरज नाही. आपल्याकडे ‘यवन’ हा शब्द आहे. यवन म्हणजे मुळात आयोनियाचे ग्रीक. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. मग हळूहळू यवन म्हणजे पश्चिमेचा कुठलाही परका, आणि पुढे मराठी बखरींत पोचेपर्यंत यवन म्हणजे मुसलमान सरदार. ग्रीकाचा परका तिकडेही झाला आणि इकडेही. फरक एवढाच की तिकडे तो बोलण्याच्या अडखळण्यावरून झाला. त्याची जोडीही आपल्याकडे आहे: ‘म्लेच्छ’. संस्कृतात त्या धातूचा अर्थच मुळी अस्पष्ट, अशुद्ध बोलणं. आणि एवढं मागे कशाला जायचं? दक्षिणेकडची भाषा कानावर पडली की आपली माणसं अजूनही ‘यंडुगुंडू’ म्हणून मोकळी होतात. ग्रिंगो हा स्पॅनिशवाल्यांचा यंडुगुंडू समजा. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो.

या दृष्टीने बघितलं की अर्जेंटिनातला इटालियन, माद्रिदमधला आयरिश आणि साओ पाउलोतली मी, तिघं एका ओळीत येतो. ‘ग्रीन, गो’च्या गोष्टीत यांतलं कुणीच बसत नाही.

ब्राझीलमध्ये अशीच एक गोष्ट ‘फोहो’ नाचाबद्दल ऐकवतात, की इंग्रजांनी ‘फॉर ऑल’ अशी पाटी लावून सगळ्यांसाठी नाच ठेवले म्हणून हे नाव. तीही थापच. दणदणाटी नाचगाण्याला तिथे ‘फोहोबोदो’ म्हणत, त्यातून फोहो आलं. इंग्रजी दोन शब्द जोडून कुणी तिकडच्या शब्दाची जन्मकथा सांगायला लागलं की माझ्या डोक्यात आता आपोआप घंटा वाजते.

‘शिवी आहे का?’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर मागणं

क्लासमध्ये दर खेपेला कुणीतरी विचारतंच. हो म्हणावं तर ब्राझीलच्या बॉसने प्रेमाने ग्रिंगो म्हटलं की पोरगं फुरंगटून बसतं. नाही म्हणावं तर तेच पोरगं अमेरिकन गिऱ्हाइकाला तोंडावर ग्रिंगो म्हणून येतं.

मी उलट विचारते, ‘भैया’ शिवी आहे का? रिक्षात बसून ‘भैया, जरा डावीकडे घ्या’ म्हणताना कुणाच्या मनात काही नसतं. तोच शब्द ‘हे भैया लोक’ असा आला की त्याला लगेच वास येतो. किंवा ‘घाटी’ घ्या. घाटावरचा माणूस, एवढाच अर्थ. पण गोव्यात किंवा मुंबईत कुणी मागून ‘घाटी’ म्हटलं की आपल्या कपाळावर आठी पडते ना? ग्रिंगोचंही अगदी हेच आहे. शब्द तोच, पण कुणी, कुणाला, कुठे आणि कोणत्या सुरात, त्यावर सगळं.

ओळखायचं कसं, तर शब्दाच्या शेजारी काय बसलंय ते ऐका. मेक्सिकोत ‘पिंचे ग्रिंगो’ म्हणजे नक्कीच शिवी. ‘पिंचे’ तिथे कशालाही चिकटतो आणि चिकटला की भडकाच असतो. ‘मी ग्रिंगो’ म्हणजे माझा ग्रिंगो, ‘ग्रिंगीतो’ म्हणजे छोटा, लाडका ग्रिंगो, पोर्तुगीजमध्ये ‘ग्रिंगिन्यु’. यांत राग नाही. हाक मारून तोंडावर म्हटलं आणि पाठोपाठ खुर्ची पुढे सरकवली, तर बसा खुशाल. पाठीमागून अनेकवचनात आलं, ‘लोस ग्रिंगोस’ने हे केलं, ते नेलं, तर विषय राजकारणाचा आहे आणि तिथे आपण पाहुण्याने शब्द न उचललेला बरा.

मेक्सिकोत धार जास्त का, याला कारण आहे. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहात मेक्सिकोला निम्म्याहून जास्त मुलूख अमेरिकेला द्यावा लागला. आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा सगळं त्यात गेलं. पुढे १९१४ मध्ये अमेरिकन फौजा वेराक्रूझ बंदरात उतरल्या, १९१६ मध्ये पांचो व्हिया या मेक्सिकन बंडखोराला पकडायला अमेरिकेचा जनरल पर्शिंग मेक्सिकोत घुसला आणि हात हलवत परतला. हे तिथे शाळेत शिकवतात. आपल्याकडे ‘टोपीकर’ किंवा ‘गोरा साहेब’ या शब्दांना जो इतिहास चिकटलेला आहे तसंच काहीसं. ब्राझीलने हे भोगलेलं नाही, म्हणून तिथला ग्रिंगो बोथट.

कुणी तुम्हाला ग्रिंगो म्हटलं तर करायचं काय? माझा अनुभव असा की हसून ‘ग्रिंगो? मी?’ असं विचारलं की समोरचा स्वतःच खुलासा करतो. चिडून उत्तर दिलं तर मात्र तुम्ही त्याला न सुचलेला अर्थ त्याच्या डोक्यात घालता.

हा शब्द कागदावर उतरवणं

ही माझी स्वतःची चूक, आणि ती आठवली की अजून कान गरम होतात. मेक्सिकोतल्या एका पुरवठादाराला मी स्पॅनिशमध्ये मेल लिहीत होते. फोनवर तो माणूस अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला ‘एल ग्रिंगो’ म्हणायचा, गंमतीने. महिनाभर ऐकून ऐकून तो शब्द माझ्याही तोंडात बसला होता. आपल्या ऑफिसांत ‘गोरा क्लायंट’ म्हणतात तसं. मी लिहून गेले, ‘एल क्लिएन्ते ग्रिंगो’ने रंग मंजूर केलेला नाही. पुरवठादाराने ती अख्खी साखळी जशीच्या तशी अमेरिकेला पुढे पाठवली. तिथे हिशेब बघणाऱ्या बाईंचे आई-वडील मेक्सिकोचे. त्यांनी सगळं वाचलं, आणि मला स्पॅनिशमध्येच एका ओळीचं उत्तर आलं: दुसऱ्या परिच्छेदातला तो शब्द बदलून पुन्हा पाठवाल का?

पाठवला बदलून. त्या दिवसापासून माझा नियम: बोलताना समोरचा म्हणतो तसं हसून घ्यायचं, लिहिताना नाही. स्पॅनिशमध्ये अमेरिकेच्या माणसाला ‘एस्तादोउनिदेन्से’, बाकी परदेशी माणसाला ‘एक्स्त्रान्खेरो’. पोर्तुगीजमध्ये परदेशी म्हणजे ‘एस्त्रांझेइरु’. शब्द लांबलचक आहेत, जीभ वळत नाही, पण मेल लिहायला जीभ लागत नाही.

इथे ‘आमेरिकानो’ लिहायचा मोह होतो. स्पॅनिश बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना ते टोचतं. त्यांच्या शाळेत अमेरिका म्हणजे अलास्कापासून चिलीच्या टोकापर्यंतचा एकच खंड शिकवतात. मग चिलीचा माणूस म्हणतो, मीही अमेरिकानोच, त्यांनी नाव एकट्याने का घ्यावं? ब्राझीलमध्ये मात्र ‘आमेरिकानु’ रोजच्या बोलण्यात बिनदिक्कत चालतं.

स्वतःची ओळख चुकीच्या शब्दाने करून देणं

ग्रिंगोच्या नादात लोक हे विसरतात आणि इथेच जास्त घोटाळा होतो. तुम्ही ग्रिंगो नाही तर मग कोण?

स्पॅनिशमध्ये कोशाप्रमाणे भारतीय म्हणजे ‘इंदियो’. पण लॅटिन अमेरिकेत इंदियो म्हणजे तिथला आदिवासी, आणि बऱ्याच ठिकाणी तो शब्द हिणवायला वापरतात. कोलंबस चुकला आणि निस्तरतोय आपण. म्हणून तिकडचे लोक आपल्याला ‘इन्दू’ म्हणतात, लिहिताना ‘ह’ असतो पण उच्चारत नाहीत. म्हणजे हिंदू. तुम्ही ख्रिस्ती असा, मुसलमान असा, बौद्ध असा, भारतातून आलात म्हणजे इन्दू. माझ्या एका वसईच्या विद्यार्थिनीला हे फार लागलं होतं. ती दर वेळी गळ्यातला क्रॉस दाखवून ‘मी इन्दू नाही’ म्हणायची, आणि समोरचा गोंधळून विचारायचा, मग तू भारतातली नाहीस का? भांडण्यात अर्थ नाही. ‘सोय दे ला इंदिया’ म्हणा, मी भारतातली आहे. पुरुष, बाई, धर्म, कशाचाच प्रश्न उरत नाही. ‘इंदियानो’ मात्र स्पॅनिशमध्ये म्हणू नका. तो शब्द अमेरिका खंडात पैसा कमावून परत आलेल्या स्पॅनिश माणसासाठी आहे.

पोर्तुगीजमध्ये बरोबर उलटं. तिथे ‘इंदियानु’ म्हणजेच भारतीय. ब्राझीलमध्ये ‘दि’चा ‘जि’ होतो, त्यामुळे कानाला ‘इंजिआनु’ ऐकू येतं, बाईसाठी ‘इंजिआना’. स्पॅनिश आधी शिकलेली माझ्यासारखी माणसं इथे हमखास अडखळतात.

उच्चार आणि लिंग, थोडक्यात

स्पॅनिशचा ‘र’ घोळवायचा असतो हे ऐकून लोक ‘ग्र्र्रिंगो’ करतात. गरज नाही. व्यंजनानंतरचा हा ‘र’ आपल्या ‘ग्रहण’मधल्यासारखा, एकदाच टकटक. मराठी ‘ग्रिं’ जसाच्या तसा चालतो, अनुस्वारासकट. ब्राझीलमध्ये रिओला ‘हिउ’ म्हणतात हे कळल्यावर काही जण ग्रिंगोतल्या ‘र’चाही ‘ह’ करतात. तोही नको, ‘ह’ होतो तो शब्दाच्या सुरुवातीला किंवा दोन ‘र’ जोडून आले तर. शेवटचा ‘ओ’ मात्र ब्राझीलमध्ये ‘उ’ होतो: ग्रिंगु.

आणि बाई असेल तर ग्रिंगा. ‘ती ग्रिंगो’ म्हणू नका. कोंकणी-मालवणी बोलणाऱ्यांना पुल्लिंगी ‘ओ’ घरचाच आहे, घोडो, पाखलो. पण अनेकवचनात तिथे पाखले होतं आणि इथे नुसता ‘स’ लागतो: ग्रिंगोस, ग्रिंगास.

‘ना ग्रिंगा’चं भाषांतर करणं

ही ब्राझीलची खास खोड आणि यात यंत्रं माणसांपेक्षा जास्त फसतात. जेवणाच्या सुट्टीत त्याच साओ पाउलोच्या सहकाऱ्याने मला सांगितलं, माझा चुलतभाऊ तीन वर्षं झाली ‘ता ना ग्रिंगा’. मला जे व्याकरण येत होतं त्याप्रमाणे मी अर्थ लावला: चुलतभाऊ तीन वर्षं त्या परदेशी बाईपाशी आहे. मी आपली सहानुभूतीने विचारलं, घरच्यांना पसंत आहे का? तो खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

‘ग्रिंगा’ म्हणजे इथे बाई नाही, मुलूख. ‘ना ग्रिंगा’ म्हणजे परदेशात, ‘प्रा ग्रिंगा’ म्हणजे परदेशाला, बाहेर. आपण ‘तो बाहेर असतो’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की माणूस अंगणात नाही, दुबईला किंवा न्यू जर्सीला आहे, तसलंच. ‘साइट ग्रिंगु’वरून बूट मागवले म्हणजे परदेशी वेबसाइटवरून. ‘सेरी ग्रिंगा’ म्हणजे परदेशी मालिका. भाषांतर करणाऱ्या यंत्रांनी या जागी ‘परदेशी स्त्रीमध्ये’ असं भीषण काहीतरी लिहिलेलं मी बघितलंय, आणि एकदा तर ते तसंच ग्राहकापर्यंत गेलं होतं. तेव्हा मजकुरात ‘ना’ किंवा ‘प्रा’च्या पाठोपाठ ग्रिंगा आली की थांबायचं, आधी खरंच कुठल्या बाईचा उल्लेख आहे का ते बघायचं, नसेल तर ‘परदेशात’ लिहून पुढे जायचं.

त्या सहकाऱ्याचं पुण्याला यायचं दोन वर्षं चाललंय. व्हिसा, पिवळ्या तापाची लस, तिकिटं, दर वेळी काहीतरी राहतं. परवा त्याचा मेसेज आला, पोराच्या शाळेला सुट्टी लागली की ‘वो प्रा ग्रिंगा’, निघतो ग्रिंगाला. मी एक क्षण विचारात पडले, हा आता अमेरिकेला कशाला निघाला? मग खाली बघितलं तर त्याने विचारलं होतं, डिसेंबरात पुण्यात स्वेटर लागतो का.